खेकड्याच्या पोटातले दात

१. खेकडा चावतो कशाने?

हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि मोठी माणसे नांग्यांकडे बोट दाखवून तो मिटवून टाकतात. नांग्यांच्या आतल्या कडेला दातेरी उंचवटे असतात हे खरे आहे. त्यांनी खेकडा भक्ष्य धरतो, गोगलगायीचा शंख फोडतो, मेलेल्या माशाचे लचके तोडतो. पण तोडणे म्हणजे चावणे नव्हे. आपण भाकरीचा तुकडा हाताने मोडतो, तेवढेच काम नांगी करते. चावण्याचे काम त्यानंतरचे असते आणि ते कुठे होते, हा खरा प्रश्न आहे.

खेकड्याचे तोंड जवळून पाहिले तर दातांची रांग दिसत नाही. समोर दोन चपटी दारे दिसतात. ती बाजूला केली की आत आणखी पाच जोड्या लहान अवयवांच्या असतात. काही घास धरून ठेवतात, काही तो आत ढकलतात. सगळ्यांत आतली जोडी म्हणजे जबडे. हे जबडे कडक असतात, त्यांना धारही असते, पण आपल्या दाढांसारखा दळण्याचा पृष्ठभाग त्यांना नसतो. घास धरायचा, ओढून त्याचा तुकडा पाडायचा आणि गिळायचा, इतकेच ते करतात. म्हणजे खेकडा अन्न जवळजवळ न चावता गिळतो. तरीही त्याच्या विष्ठेत सापडणारे कण अगदी बारीक असतात. मधल्या वाटेवर कुणीतरी ते दळलेले असते.

ते दळले जाते जठरात. खेकड्याच्या जठराच्या आत तीन मोठे दात असतात: दोन दोन्ही बाजूंना आणि एक मध्ये, छताला. अ‍ॅरिस्टॉटलने समुद्रातल्या शेवंडासारख्या प्राण्याच्या जठरात तीन दात असल्याची नोंद सुमारे २३०० वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. भिंग नसताना, नुसत्या डोळ्यांनी पाहून. यावरूनच हे दात किती ठळक असतात ते लक्षात यावे.

२. दुधनेकाठचा खेकडा

ही गोष्ट समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, जालना जिल्ह्यातल्या बदनापूरपासून सुरू करायला हरकत नाही. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आणि जालना यांना जोडणाऱ्या रस्त्यावर हे तालुक्याचे गाव आहे. दुधना नदी याच भागातून वाहते आणि तालुक्यातल्या सोमठाण्याजवळ तिच्यावर अप्पर दुधना धरण आहे. पुढे ती पूर्णेला आणि पूर्णेमार्गे गोदावरीला मिळते. नदीकाठची काळी माती, ओढ्यांचे काठ, विहिरींच्या कपारी, पाझर तलावांचे बांध ही खेकड्यांची हक्काची जागा.

मराठवाड्यात मुख्यतः दिसणारे गोड्या पाण्यातले मोठे खेकडे बेरिटेल्फुसा या प्रजातीचे आहेत. त्यातल्या बेरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस या जातीची शास्त्रीय ओळख १८३६ मध्ये झाली. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी असलेले कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या जमिनीवर वावरणाऱ्या खेकड्यांबद्दल लिहिले आणि वेस्टवुड या कीटकशास्त्रज्ञाने या जातीला नाव दिले. दुसरी जात बेरिटेल्फुसा गेरिनाय. तिचे वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी १८५३ मध्ये केले. ही दुसरी जात लक्षात ठेवा. पोटातल्या दातांच्या अभ्यासात तिला मोठा मान आहे, तो पुढे येईलच.

हे खेकडे उन्हाळाभर ओलाव्यापर्यंत पोहोचणाऱ्या बिळात दडून बसतात. मृगाचा पाऊस पडून ओढ्यांना पाणी आले की बाहेर पडतात, आणि मग गावातली पोरे बॅटऱ्या घेऊन रात्री त्यांच्या मागे. बाहेर आलेला खेकडा काय खातो? कुजलेला पाला, शेवाळ, गवताची मुळे, गांडुळे, किडे, गोगलगायी, मेलेले मासे, प्रसंगी दुसरा लहान खेकडा. म्हणजे एकाच पोटात चिवट पाला आणि मऊ मांस, दोन्ही. आणि त्याबरोबर चिखल आणि रेती, कारण ओढ्याच्या तळातून उचललेला घास धुतलेला नसतो. पोटातल्या यंत्रावर किती प्रकारचा भार येतो ते यावरून दिसते.

३. बारीक का करायचे?

आधी एक छोटे गणित. एक मिलिमीटर बाजूचा पाल्याचा घनाकृती तुकडा घ्या. त्याला सहा पृष्ठे, प्रत्येकाचे क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर. एकूण ६ चौरस मिलिमीटर. आता तोच तुकडा ०.१ मिलिमीटर बाजूच्या घनांमध्ये कापला तर १००० तुकडे होतील. प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ ०.०६ चौरस मिलिमीटर, म्हणजे सगळ्यांचे मिळून ६० चौरस मिलिमीटर. पाला तेवढाच, पण उघडी पडलेली बाजू दहापट.

पाचक रस काम करतात ते उघड्या पृष्ठभागावर. तो दहापट वाढला की त्याच वेळात पचन कितीतरी जास्त होते. खेकड्याला याची गरज आपल्यापेक्षा अधिक आहे, कारण माणसाच्या जठरात असते तसे तीव्र आम्ल त्याच्या जठरात नसते. तिथला रस फार तर सौम्य आम्लधर्मी असतो. आम्लाने अन्न मऊ करून घेण्याची सोय नाही, तेव्हा दळून बारीक करणे हाच मार्ग उरतो.

पाल्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते आणि सत्त्व त्या भिंतीच्या आत असते. भिंत फोडल्याशिवाय रस आत पोहोचत नाही. म्हणूनच पाला जास्त खाणाऱ्या खेकड्यांच्या पोटातल्या दातांवर अनेक आडव्या धारदार कडा आढळतात, तर मांसावर जगणाऱ्या जातींचे दात तुलनेने साधे आणि बोथट असतात. पोट उघडून दात पाहिले की हा प्राणी काय खात असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. मला या विषयातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. बिळात दडून राहणाऱ्या आणि रात्री हिंडणाऱ्या प्राण्याचा आहार प्रत्यक्ष पाहणे अवघड. दात मात्र पुरावा घेऊन बसलेले असतात.

४. चक्कीची रचना

खेकड्याचे जठर पाठीच्या कवचाखाली, डोळ्यांच्या थोडे मागे असते. घरी खेकडा साफ करताना वरचे झाकण काढले की पुढच्या बाजूला पातळ पापुद्र्याची एक पिशवी दिसते. ती हाताला कडक लागते म्हणून फेकून दिली जाते. ती पिशवीच जठर. पाण्यात धुऊन, वरच्या बाजूने कात्रीने अलगद उघडून पाहिली तर आत तपकिरी, चकचकीत दात दिसतात. साधे भिंग असेल तर त्यांच्यावरच्या कडाही मोजता येतील. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे एकदा तरी करून पाहावे. नंतर हात साबणाने धुवावेत.

या पिशवीचे दोन भाग असतात. पुढचा मोठा, तिथे अन्न येऊन पडते आणि दळले जाते. मागचा लहान, तिथे दळलेले चाळले जाते. दात असतात ते पुढच्या भागाच्या मागच्या टोकाला, म्हणजे दोन भागांच्या सीमेवर. दळल्याशिवाय काही पुढे जाऊ नये, अशी ती जागा आहे.

जठराची भिंत नुसती मऊ कातडी नसते. तिच्यात चुन्याने कडक झालेल्या लहान लहान पट्ट्या बसवलेल्या असतात. खेकड्यांमध्ये अशा पट्ट्यांची संख्या तीसच्या वर जाते. त्या एकमेकींना मऊ पापुद्र्याने जोडलेल्या असतात, त्यामुळे दाराच्या बिजागरीसारख्या वाकतात. तीन दात यांतल्याच काही पट्ट्यांची आत आलेली टोके आहेत. पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजूला स्नायू चिकटलेले असतात. काहींचे दुसरे टोक पुढे कवचाला, काहींचे मागे कवचाला, तर काही स्नायू जठराच्या भिंतीतच एका पट्टीपासून दुसरीपर्यंत जातात.

आता हालचाल पाहू. पुढचे आणि मागचे स्नायू आखडले की पट्ट्यांचा सांगाडा ताणला जातो. छतावरचा मधला दात पुढे आणि खाली झुकतो. त्याच वेळी बाजूचे दोन दात मध्याकडे येतात. तिघे एकमेकांना भिडतात आणि मध्ये सापडलेले अन्न चेंगरले जाते. स्नायू सैल पडले की पट्ट्या आपल्या लवचिकपणाने मूळ जागी परत येतात आणि दात पुन्हा लांब होतात.

आपल्या जात्याशी याची तुलना केली तर फरक नीट कळतो. जात्याची खालची तळी स्थिर असते आणि वरची गोल फिरते; धान्य मध्यातून पडते आणि पीठ कडेने बाहेर येते. खेकड्याच्या चक्कीत काहीच स्थिर नसते आणि काहीच गोल फिरत नाही. तीन बाजूंनी तीन दात येतात, भिडतात, घासतात, मागे जातात. पण मूळ युक्ती एकच आहे: दोन खडबडीत पृष्ठभाग, मध्ये दाणा, आणि दाबाबरोबर घासण्याची हालचाल. नुसत्या दाबाने दाणा चेपतो. घासल्याने त्याचे पीठ होते. जात्याला टाकी लावून त्याचा पृष्ठभाग खडबडीत करावा लागतो, तशाच कडा खेकड्याच्या दातांवर आयत्याच असतात.

ही हालचाल जिवंत प्राण्यात प्रत्यक्ष पाहता येईल का? हान्स-गेऑर्ग हाइंत्सेल या संशोधकाने ते केले. माणसाचे पोट आतून पाहण्यासाठी डॉक्टर वापरतात तशी दुर्बीण त्यांनी जिवंत शेवंडाच्या जठरात घातली आणि दातांचे काम बघितले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांतून दिसले की चावण्याची पद्धत एकच नसते. कधी तिन्ही दात एकदम मिटून घास पिळतात. कधी बाजूचे दात आधी मिटून घास कापतात आणि मग मधला दात त्यांच्यावरून मागे ओढला जाऊन तो दळतो. त्याआधीची पुस्तके एकच ठरलेली हालचाल सांगत होती.

५. चाळण

दळलेले सगळे सारखे बारीक होत नाही. म्हणून जठराच्या मागच्या भागात चाळण्यांची रांग असते. या चाळण्या म्हणजे एकमेकांवर रचलेले अतिशय बारीक केस. मोठे तुकडे पहिल्याच दारावर अडतात आणि पुन्हा दातांखाली जातात. त्यानंतरच्या चाळणीतून फक्त रस आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे कण पार होतात. हा गाळलेला रस यकृतासारख्या एका मोठ्या पाचक ग्रंथीत जातो. खेकडा साफ करताना पिवळसर तपकिरी लगदा दिसतो ना, तीच ही ग्रंथी. जे बारीक झाले पण गाळणीतून जाण्याइतके नाही, ते मधल्या वाटेने सरळ आतड्यात आणि तिथून बाहेर.

इतकी कडक तपासणी का? कारण ती ग्रंथी म्हणजे एका बाजूने बंद असलेल्या असंख्य बारीक नळ्यांचा जुडगा आहे. आत गेलेला रेतीचा कण परत येण्याची वाट नाही. दुधनेच्या चिखलातून घास उचलणाऱ्या प्राण्याच्या नळ्यांत रेती शिरू लागली, तर काही दिवसांत त्या तुंबतील. रस मात्र उलट दिशेनेही वाहतो: पाचक द्रव याच ग्रंथीत तयार होऊन पुढे जठरात येतो आणि दळल्या जाणाऱ्या अन्नात मिसळतो. म्हणजे दळणे आणि पचवणे ही दोन कामे एकामागून एक होत नाहीत, एकाच वेळी होतात.

६. तीस पेशींचा कारभार

दात हलवतात स्नायू. स्नायूंना हुकूम देतात चेतापेशी. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. खेकड्याच्या आणि शेवंडाच्या जठराचा सगळा कारभार पाहणाऱ्या चेतागुच्छात त्या २५ ते ३० च्या घरात असतात. कोटी नव्हे, लाख नव्हे, फक्त तीस. हा गुच्छ जठराच्या वर, हृदयाकडून पुढे येणाऱ्या रक्तवाहिनीच्या आत असतो, त्यामुळे रक्तातून येणारी संप्रेरके थेट त्याच्यावर येऊन पोहोचतात.

या गुच्छातून दोन ताल निघतात. एक वेगवान, साधारण सेकंदाला एक. तो मागच्या चाळणीच्या भागाचा. दुसरा संथ, काही सेकंदांना एक, तो दातांचा. आठ सेकंदांना एक फेरा धरला तर तासाला ४५० वेळा दात भिडतात. गुच्छ शरीरातून काढून क्षारयुक्त पाण्यात ठेवला तरी वेगवान ताल तासन्‌तास चालू राहतो, आणि योग्य चेतना दिली तर दातांचा संथ तालही सुरू करता येतो. जठर नाही, अन्न नाही, तरी चाळण्याचे आणि दळण्याचे हुकूम निघत राहतात.

तीसच पेशी, त्यातली प्रत्येक ओळखता येण्यासारखी, आणि एक स्पष्ट काम. मेंदू ताल कसा निर्माण करतो हे समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण होते. १९६०च्या दशकात डोनाल्ड मेनार्ड यांनी या कामाची सुरुवात केली. अ‍ॅलन सेल्व्हरस्टन आणि ईव्ह मार्डर यांनी ते पुढे नेले. मार्डर यांनी दाखवून दिले की पेशींची जोडणी तीच राहिली तरी संप्रेरके आणि इतर रसायने बदलली की त्याच पेशी वेगळा ताल देतात. म्हणजे जोडणीचा नकाशा हाती आला तरी मेंदू समजला असे होत नाही. हा निष्कर्ष माणसाच्या मेंदूच्या अभ्यासालाही लागू पडतो. २०१६ मध्ये मार्डर यांना मेंदूविज्ञानातला कावली पुरस्कार मिळाला, तो याच कामाचे मोल ओळखून. खेकड्याच्या पचनावर कुणी आयुष्य का घालवावे, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

याच दातांचा एक वेगळाच उपयोग २०१९ मध्ये समोर आला. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा वाळूत बिळे करणारा खेकडा नांगीवरच्या कडा त्याच नांगीच्या बुंध्यावर घासून आवाज काढतो, हे माहीत होते. पण नांग्या हल्ला करायला उगारलेल्या असतानाही त्याच्यातून गुरगुर ऐकू येत होती. जेनिफर टेलर आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, तेव्हा पोटातले दात घासताना दिसले. बाजूच्या दातांवरच्या फणीसारख्या कडा मधल्या दातावर घासून तो आवाज निघत होता. कोकणच्या किनाऱ्यावर पावलांची चाहूल लागताच बिळात पळणारे खेकडे याच प्रजातीतले, जात मात्र वेगळी.

७. नागपूरचे पटवर्धन

आता बेरिटेल्फुसा गेरिनायकडे परत येऊ. १९३४ मध्ये सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूला इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली. तिच्या नियतकालिकाच्या अगदी पहिल्या खंडात नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राणिशास्त्राचे अभ्यासक एस. एस. पटवर्धन यांचा लेख आहे. विषय: दशपाद प्राण्यांच्या जठरातल्या चक्कीची रचना आणि कार्य. दशपाद म्हणजे दहा पायांचे: खेकडे, शेवंड, कोळंबी, शंखातले खेकडे. आणि या मालेतल्या पहिल्या लेखासाठी त्यांनी निवडलेला प्राणी कोणता, तर आपल्याच पठारावरचा हा गोड्या पाण्यातला खेकडा. तेव्हा त्याला पॅराटेल्फुसा गेरिनाय म्हणत.

या विषयावर युरोपात काम झालेले होतेच. टी. एच. हक्सली यांचे क्रेफिश या शेवंडासारख्या दशपाद प्राण्यावरचे १८८० चे पुस्तक तर चक्की समजावून सांगण्यासाठी प्रसिद्ध होते. पटवर्धनांचे वेगळेपण असे की त्यांनी एका प्राण्यावर न थांबता १९३५ पर्यंत सहा भागांत सगळा गट पालथा घातला. खेकडे झाले, शंखातले खेकडे झाले, शेवंड झाले, शेवटी कोळंबीचे दोन गट झाले. प्रत्येकाची चक्की उघडून तिच्या पट्ट्या एकमेकींशी ताडून पाहिल्या.

त्यातून एक सुंदर नियम हाती आला. तोंडातले जबडे जितके चावण्याजोगे, तितकी पोटातली चक्की साधी; आणि जबडे जितके कमकुवत, तितकी चक्की गुंतागुंतीची. काम कुठेतरी झालेच पाहिजे, मग ते तोंडात होवो की पोटात.

गोदावरीच्या खोऱ्यातच या नियमाची दोन्ही टोके सापडतात. एकीकडे खेकडा: जबडे साधे, चक्की पूर्ण विकसित. दुसरीकडे नदीतला मोठा झिंगा, ज्याला शास्त्रात आता मॅक्रोब्रॅकियम म्हणतात आणि पूर्वी पॅलिमॉन म्हणत. त्याच्या जबड्याला दोन भाग असतात. एक कापणारा, एक दाढेसारखा दळणारा. तो तोंडातच चावून खातो. त्याच्या जठरात खेकड्यासारखे तीन दात नाहीत. तिथे भाल्याच्या पात्याच्या आकाराची एक पट्टी आणि कंगव्यासारख्या केसाळ पट्ट्या असतात, अन्न ढवळायला आणि गाळायला. समुद्रात मिळणारी आपली नेहमीची मोठी कोळंबी मात्र दुसऱ्या गटातली आहे आणि तिच्या जठरात दात असतात. बाजारात एकाच टोपलीत शोभतील असे हे दोन प्राणी, पोट उघडले की इतके वेगळे.

पटवर्धनांनी १९३७ मध्ये याच झिंग्यावर एक पुस्तिका लिहिली. लखनौहून के. एन. बहल यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या भारतीय प्राण्यांवरच्या मालेतली ती सहावी. भारतातल्या बी.एस्सी.च्या कितीतरी पिढ्या पॅलिमॉन शिकल्या त्या या पुस्तिकेच्या आणि तिच्यावरून काढलेल्या आकृत्यांच्या आधाराने. पाठ्यपुस्तकांतून आकृत्या राहिल्या, नाव मात्र बहुतेक ठिकाणी गळून गेले. हे बरे झाले नाही. आपल्या ओढ्यातला खेकडा घेऊन जगाच्या शास्त्राला भर घालणारा माणूस नागपूरला होता, हे प्राणिशास्त्राच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत असायला हवे.

८. कात टाकली की दातही जातात

पोटात दात आले कुठून? उत्तर असे की ते पोटाचे नाहीतच, कवचाचे आहेत. गर्भ वाढत असताना बाहेरची त्वचा तोंडाच्या जागी आत दुमडत जाते आणि अन्ननलिका व जठर त्या दुमडीतून घडतात. बाहेरच्या त्वचेवर कायटिनचे कवच येते, तसेच आत गेलेल्या त्वचेवरही येते. जिथे ते जाड आणि चुनायुक्त झाले, तिथे पट्ट्या आणि दात.

याची किंमत खेकड्याला मोजावी लागते. कवच वाढत नाही, म्हणून वाढण्यासाठी ते टाकून द्यावे लागते. कात टाकताना खेकडा पाठीमागच्या फटीतून मऊ अंगाने बाहेर सरकतो. पायांचे कवच मागे राहते, डोळ्यांवरचे राहते, कल्ल्यांवरचे राहते, आणि जठराचे संपूर्ण अस्तर दातांसकट तोंडाकडच्या बाजूने ओढले जाऊन त्या रिकाम्या कवचात राहते. ओढ्याकाठी अख्खा पण हलका, पोकळ खेकडा सापडला तर तो मेलेला नसून टाकलेली कात असू शकते. ती उघडून पाहा. आत छोटे दात मिळतील.

नवे दात जुन्याच्या खाली आधीच तयार असतात, पण मऊ. ते कडक होईपर्यंत खेकडा काही दळू शकत नाही. कात टाकण्याच्या आधी आणि नंतरचे काही दिवस तो उपाशीच असतो. दात पुरेसे टणक झाले की अनेक खेकडे आपली टाकलेली कातच खातात. गोड्या पाण्यात चुना कमी, तेव्हा जुन्या कवचातला चुना वाया घालवणे परवडत नाही. नव्या दातांनी पहिल्यांदा दळले जाणारे अन्न म्हणजे पुष्कळदा जुने कवच.

कात कधी टाकायची हे ठरवणारी यंत्रणा डोळ्यांच्या दांड्यांत आहे. तिथून निघणारे एक संप्रेरक कात रोखून धरते; ते कमी झाले की तयारी सुरू होते. बदनापूरहून तासाभराच्या अंतरावर, तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात, आर. नागभूषणम आणि ए. डी. दिवाण यांनी १९७०च्या दशकात बेरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस घेऊन संप्रेरकांवर काम केले. साइक्सने नोंदवलेला दख्खनचा खेकडा असा शंभरहून अधिक वर्षांनी त्याच मातीतल्या प्रयोगशाळेत आला.

९. शेतातून ओढ्यात

बदनापूरचे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे ते तुरीमुळे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे इथले संशोधन केंद्र बीडीएन ७११ सारख्या वाणांसाठी ओळखले जाते. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी येते, हरभऱ्यावर घाटेअळी, कपाशीवर बोंडअळी. त्यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या औषधांत एक गट असा आहे की जो अळीला थेट विषबाधा करत नाही, तिचे कायटिन तयार होऊ देत नाही. नोव्हाल्युरॉन आणि ल्युफेन्युरॉन ही त्यातली दोन नावे. कात टाकताना नवे कवच नीट तयार होत नाही आणि अळी मरते.

खेकड्याचे कवचही कायटिनचे, दातही कायटिनचे. म्हणूनच ही औषधे पाण्यात गेली तर खेकडे, झिंगे आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या त्यांच्या नातेवाइकांना अपायकारक ठरतात. लहान खेकडे वारंवार कात टाकतात, त्यामुळे त्यांना धोका अधिक. माणसांना आणि गुरांना कायटिन नसते, म्हणून त्यांना ही औषधे तुलनेने कमी अपाय करतात. आणि त्यामुळेच ती ओढ्यात गेली तर काही बिघडत नाही, असा समज सहज होतो. तो समज चुकीचा आहे.

फवारणी झाल्यावर पंप आणि बादल्या ओढ्यात, नदीत किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. धुतलेले पाणी शेतातच, पाण्याच्या जागेपासून लांब, पडीक तुकड्यावर ओता. रिकाम्या बाटल्या पाण्यात फेकू नका. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर त्या दिवशी फवारणी टाळा. ओढ्यातला कुजका पाला आणि मेलेले मासे दळून साफ करण्याचे काम खेकडा करतो.